दहा डावांत ७–३ म्हणजे इंजिन २१०० चं झालं का?

प्रश्न आधी थोडक्यात सांगतो म्हणजे बाकीच्यांनाही कळेल. गोव्यात फर्मागुडीला इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला असलेल्या एका मुलाने प्रोजेक्टसाठी स्वतःचं चेस इंजिन, म्हणजे बुद्धिबळ खेळणारा प्रोग्रॅम, लिहिलंय, सी++ मध्ये, अल्फा-बीटा (नको त्या चाली छाटायची पद्धत), हॅश टेबल (बघितलेल्या पोझिशन लक्षात ठेवायची मेमरी) वगैरे सगळं घालून. नव्या व्हर्जनने जुन्या व्हर्जनला दहा डावांत ७–३ हरवलं. फोनवरच्या एका ॲपमध्ये '२०००' लिहिलेला बॉट आहे त्यालाही दोन-तीनदा मारलं. डेप्थ १२ पर्यंत, म्हणजे दोन्ही बाजूंच्या मिळून बारा चाली पुढे जातं. आता गाइड म्हणतायत रिपोर्टात रेटिंगचा आकडा पाहिजे, तर २१०० लिहिलं तर चालेल का? सोबत दहा डावांच्या सगळ्या चाली लिहिलेली पीजीएन फाइल जोडलीय.

तर बाबा, लिहू नको. इंजिन वाईट आहे म्हणून नव्हे, असेलही ते २१०० चं, पण आत्ता तुझ्या हातात जे आहे त्यावरून १६०० लिहिलं काय आणि २४०० लिहिलं काय, सारखंच. व्हायव्हाला एखादा बुद्धिबळ खेळणारा एक्झामिनर आला आणि त्याने विचारलं की हा आकडा कुठून आणला, तर तोंड उघडता येणार नाही.

पीजीएन उघडून बघितली. डाव १, ३ आणि ५ तूच एकदा शेजारी शेजारी लावून बघ. तिन्हीत नवं व्हर्जन पांढऱ्याकडून खेळतंय आणि सव्विसाव्या चालीपर्यंत तिन्ही डाव जसेच्या तसे, एका प्याद्याचाही फरक नाही. हे होणारच, कारण तू ओपनिंग बुक, म्हणजे सुरुवातीच्या तयार चालींची फाइल, दिलेलं नाही, दोन्ही इंजिनं पहिल्या चालीपासून स्वतः विचार करतायत आणि एका थ्रेडवर चालणाऱ्या इंजिनाला तीच पोझिशन आणि तेवढाच वेळ दिला की ते तीच चाल देतं. पुढे कुठेतरी दोन-चार मिलिसेकंद इकडे-तिकडे होतात, एखाद्या वेळी एक डेप्थ कमी भरते आणि मग डाव वेगळा वळतो. म्हणजे तुझे तीन विजय हा खरं तर एकच विजय आहे, तीनदा मोजलेला. मग डाव ८ बघ, जुन्या व्हर्जनकडे अख्खा हत्ती जास्त आहे, जिंकत आलेला डाव, आणि एकेचाळिसाव्या चालीला निकालात लिहिलंय टाइम फॉरफिट, म्हणजे वेळ संपल्याने हार. तो पॉइंट तुझ्या नव्या इव्हॅल्युएशनने, म्हणजे पोझिशन जोखणाऱ्या कोडने, मिळवलेला नाहीये, जुन्याला घड्याळ सांभाळता येत नव्हतं म्हणून मिळालाय. वेळेचा कोड सुधारलास ही चांगलीच गोष्ट, ताकदीत तीही धरायची, पण रिपोर्टात तू लिहिणार 'किंग सेफ्टी (राजा किती सुरक्षित ते जोखणं) घातल्याने सुधारणा' आणि ते खोटं ठरेल.

आता हे सगळं बाजूला ठेवू, समज की दहाही डाव स्वच्छ आणि वेगवेगळे होते. तरी ७–३ म्हणजे काय? नाणं दहा वेळा उडव, सात किंवा जास्त वेळा छापा पडण्याची शक्यता १७ टक्के, म्हणजे साधारण सहात एकदा. दोन अगदी एकसारखी इंजिनं दहा डाव खेळली तरी अधूनमधून ७–३ लागणारच. इलोच्या, म्हणजे बुद्धिबळातल्या रेटिंगच्या, हिशोबाने बघायचं तर फॉर्म्युला सोपा आहे, मिळालेला स्कोअर भागिले गमावलेला स्कोअर, त्याचा दहाच्या पायाचा लॉग घे आणि ४०० ने गुण. ७० टक्क्यांना १४७ येतात. छान वाटतं ना. पण सहा विजय, दोन बरोबऱ्या, दोन पराभव असा तुझा निकाल धरून ९५ टक्के खात्रीची रेंज काढली तर ती येते उणे ३५ पासून अधिक ५०० पर्यंत. म्हणजे नवं व्हर्जन जुन्यापेक्षा थोडं वाईट असण्यापासून ते त्याला धुवून काढण्यापर्यंत काहीही शक्य आहे, असं तुझ्या त्या दहा डावांचं म्हणणं आहे.

किती डाव लागतात याचा अंदाज डोक्यात बसवून घे. तुझ्या लेव्हलच्या इंजिनांत बरोबऱ्या तीसेक टक्के होतात असं धरलं तर शंभर डावांना चूक साधारण ±५५ ते ६० इलो, हजार डावांना ±१८, दहा हजारांना ±६. चूक अर्धी करायची तर डाव चौपट करायला लागतात, ह्यात पळवाट नाही. म्हणून कोणी सांगितलं की मी एक छोटा बदल केला आणि पन्नास डावांत २० इलो वाढले, तर त्याला चहा पाज आणि विषय बदल.

माणसांच्या बाबतीत आपण हे विसरतो. गेल्या वर्षी, २०२५ च्या नोव्हेंबरात, बुद्धिबळाचा वर्ल्ड कप आपल्याकडेच हडफडेला झाला, म्हापशापासून किती तो लांब, आमच्या ओळखीतले अर्धे लोक एक दिवस तरी जाऊन बघून आले. गुकेश वर्ल्ड चॅम्पियन, टॉप सीड, आणि तिसऱ्या राउंडला फ्रेडरिक स्वानेकडून बाहेर. लोक लगेच सुरू, हा संपला, ह्याला चॅम्पियन कोणी केलं. अरे पण मॅच कितीची, दोन क्लासिकल डावांची! शेवटी सिंदारोवने फायनलला वेई यीला टायब्रेकमध्ये हरवून कप नेला आणि तो त्याने कमावलेलाच आहे, त्यात वाद नाही. पण नॉकआउट हा कप कोणाला द्यायचा हे ठरवायला असतो, ताकद मोजायला नसतो. १९९७ ला आयबीएमच्या डीप ब्लू कॉम्प्युटरने तेव्हाचा वर्ल्ड चॅम्पियन कास्पारोव्हला ३.५–२.५ हरवलं तेही तसंच, सहा डाव. त्याआधीच्या वर्षी फिलाडेल्फियात तोच कास्पारोव्ह ४–२ जिंकला होता. दोन्ही मॅच धरून बारा डाव. इतिहास म्हणून जबरदस्त, मोजमाप म्हणून जवळपास शून्य. आयबीएमने त्यानंतर मशीनच बंद केलं त्यामुळे ते नक्की किती स्ट्राँग होतं हे नीट मोजायची संधीच राहिली नाही.

इंजिनाचं बरं असतं की ते थकत नाही, रात्रभर खेळवता येतं. तेव्हा तुला जे करायला पाहिजे ते क्रमाने सांगतो, फक्त क्रम काटेकोर आहे असं समजू नको.

पहिलं म्हणजे पर्फ्ट. केलंयस का? केलं नसशील तर बाकी सगळं थांबव. सुरुवातीच्या पोझिशनपासून सगळ्या कायदेशीर चाली मोजायच्या, आकडे ठरलेले आहेत: डेप्थ १ ला २०, मग ४००, ८९०२, १९७२८१, ४८६५६०९, आणि डेप्थ ६ ला ११९०६०३२४. एकाचाही फरक पडला तर चाली तयार करण्याच्या कोडात बग आहे. पण सुरुवातीच्या पोझिशनवर कॅसलिंग, प्रमोशन, आँ पासाँ (दोन घरं पुढे आलेलं शेजारचं प्यादं मारायची खास चाल) यांचा कस लागत नाही, त्यासाठी किवीपीट म्हणून एक मुद्दाम गुंतागुंतीची पोझिशन वापरतात, तिथे ४८, २०३९, ९७८६२ असे आकडे यायला पाहिजेत. आँ पासाँचा तो छुपा पिन, ज्यात दोन्ही प्यादी एकदम आडव्या ओळीतून जातात आणि राजा उघडा पडतो, तो बहुतेकांचा चुकतो. इंजिन बेकायदेशीर चाल देऊन डाव हरत असेल तर तू ताकद मोजत नाहीयेस, बग मोजतोयस.

दुसरं, डाव खेळवायला फोन आणि हाताने चाली टाकणं सोड. क्यूटचेस किंवा फास्टचेस घे, दोन्ही फुकट आहेत, कमांड लाइनवर चालतात, आणि इंजिनाला यूसीआय, म्हणजे असल्या प्रोग्रॅमशी बोलायची ठरलेली भाषा, कळत असली की झालं. ओपनिंगची फाइल दे, सहा-आठ चालींच्या हजारो पोझिशन असलेल्या फाइल्स नेटवर मिळतात. आणि प्रत्येक ओपनिंग दोनदा खेळव, एकदा तू पांढरा, एकदा समोरचा. हे जोडीने खेळवणं फार महत्त्वाचं. ओपनिंग थोडी पांढऱ्याच्या बाजूने झुकलेली असली तरी दोघांनाही ती मिळते आणि झुकाव कटून जातो.

टाइम कंट्रोल १० सेकंद अधिक दर चालीला ०.१ सेकंद ठेव. स्टॉकफिश ह्या नामांकित इंजिनावर काम करणारेही पहिली चाचणी ह्याच वेळेवर घेतात आणि त्यात पास झालं तर मग ६० अधिक ०.६ वर. तुला वाटेल इतक्या फास्ट डावात काय कळणार, पण कमी वेळेच्या खूप डावांतून जे कळतं ते लांब वेळेच्या वीस डावांतून कधीच कळत नाही. एक डाव साधारण अर्ध्या मिनिटात संपतो. चार कोअरचा लॅपटॉप असला तर तीन डाव एकाच वेळी चालव, एक कोअर सिस्टिमला मोकळा सोड. रात्री झोपताना लावलंस की सकाळी उठेपर्यंत तीनेक हजार डाव होतात. प्रत्येक इंजिनाला एकच थ्रेड, हॅश दोघांना सारखा, पाँडरिंग बंद, म्हणजे समोरच्याच्या वेळात विचार करायचा नाही, नाहीतर एकाच मशीनवर दोघंही एकमेकांचा सीपीयू खातात.

लॅपटॉप चार्जरवर ठेव. हे सांगावं लागतं. बॅटरीवर गेला की स्पीड उतरतो आणि अर्धे डाव एका स्पीडचे, अर्धे दुसऱ्या. पंखा नसलेला पातळ लॅपटॉप असेल तर तापून आपोआप मंद होतो, म्हणून गादीवर ठेवून चालवू नको. आणि पावसाळ्यात आपल्याकडे करंट कधी जाईल सांगता येत नाही, फोंड्यात तर पहिला गडगडाट झाला की गेलाच, तेव्हा पीजीएन प्रत्येक डावानंतर सेव्ह होतेय ना ते आधी बघून घे. करंट जाण्याच्या वेळचा अर्धवट डाव टाकून द्यायचा. इन्व्हर्टरवर असताना ब्राउझर, व्हिडिओ वगैरे काही उघडून बसू नको, टाइम फॉरफिट वाढलेले दिसतील.

सकाळी उठल्यावर सगळ्यात आधी रेटिंग नाही बघायचं. फाइलमध्ये टाइम फॉरफिट आणि बेकायदेशीर चाल किती ते शोध. हजारात एखाद-दुसरा ठीक, पन्नास असतील तर तो अख्खा रन फेकून दे. मग चार-पाच हरलेले डाव स्वतः उघडून बघ. एंडगेममध्ये वजीर जास्त असून पन्नास चालींच्या नियमाने बरोबरी होतेय का, तीनदा तीच पोझिशन आणून जिंकलेला डाव सोडतंय का. एवढ्यात दिसलेला एखादा बग दुरुस्त केलास तर जेवढे इलो मिळतील तेवढे आठवडाभर किंग सेफ्टीचे आकडे हलवून मिळत नाहीत.

आता एक गोष्ट सगळेच करतात ती तूही करशील, म्हणून आधीच सांगतो. रन चालू असताना दर दहा मिनिटांनी स्कोअर बघायचा आणि आपलं इंजिन पुढे दिसलं की थांबवायचं. चारशे डावांना +३० दिसतंय, बास झालं, कमिट करून टाकू! हे चालत नाही. स्कोअर वर-खाली होतच असतो आणि तू फक्त वर असतानाच थांबलास तर सगळेच बदल चांगले दिसणार. ह्यावर उपाय म्हणजे एसपीआरटी. आब्राहम वाल्डने दुसऱ्या महायुद्धाच्या काळात काढलेली पद्धत आहे ती, कारखान्यातल्या मालाची तपासणी लवकर आटपावी म्हणून. त्यात आधीच दोन दावे लिहून टाकायचे: एक, बदलाने काही झालं नाही, शून्य इलो, दुसरा, बदलाने समज १० इलो वाढले. मग प्रत्येक डावागणिक एलएलआर नावाचा एक आकडा हलत राहतो. तो २.९४ च्या वर गेला की दुसरा दावा मान्य, उणे २.९४ च्या खाली गेला की पहिला. दोन्हीकडे पाच-पाच टक्के चुकीची मुभा ठेवली की ही २.९४ येते, ती १९ चा नॅचरल लॉग आहे, जादू काही नाही. थांबायचं कधी ते टेस्ट ठरवते, तू नाही, त्यामुळे मधे कितीही वेळा डोकावलास तरी काही बिघडत नाही.

आणि ह्यात मजा अशी की बदल मोठा असला तर टेस्ट लवकर संपते. ० आणि १० ची टेस्ट लावलीस आणि बदल खरोखर ५० इलोचा असला तर पाच-सहाशे डावांत पास. खरोखर १० चाच असला तर चार-पाच हजार लागतात. तू आत्ता सुरुवातीला आहेस, नल मूव्ह, लेट मूव्ह रिडक्शन, क्वायसन्स नीट करणं, असले चाली शोधायच्या पद्धतीतले बदल पन्नास-शंभर इलोचे असतात, तेव्हा तुला एका रात्रीत उत्तर मिळेल. स्टॉकफिशवाल्यांची अवस्था बघ, ते एक-दोन इलोसाठी भांडतात, म्हणून २०१३ पासून फिशटेस्ट ही बदल तपासायची सोय चालवतात, जगभरातले लोक आपली मशीनं फुकट देतात आणि एकेका पॅचला दहा-दहा हजार, कधी लाखावर डाव खेळवले जातात. इतकं करून निम्म्याहून जास्त आयडिया नापास होतात, त्याही अशा लोकांच्या ज्यांना ह्यातलं आपल्यापेक्षा शंभरपट कळतं. माझ्या मते स्टॉकफिश एवढं पुढे गेलं त्यात अल्गोरिदमइतकाच ह्या शिस्तीचा वाटा आहे. चांगल्या आयडिया सगळ्यांकडेच होत्या.

इथपर्यंत झालं ते नवं विरुद्ध जुनं. पण त्याने २१०० कळत नाही. त्याने फक्त फरक कळतो, आणि तोही फुगलेला. स्वतःच्याच जुन्या व्हर्जनशी खेळताना दोघांच्या चुका सारख्या ठिकाणी असतात, त्यामुळे नवीन व्हर्जनला जे थोडंसं जास्त कळतं त्याचा पुरेपूर फायदा मिळतो. तोच बदल परक्या इंजिनांसमोर लावला की फरक पुष्कळदा कमी भरतो. म्हणून दुसरा रन लागतो, परक्यांबरोबर.

त्यासाठी तुझ्या आसपासची पाच-सहा इंजिनं घे. टीएससीपी, व्हाइस, मायक्रोमॅक्स असली सोर्स कोडसकट मिळणारी जुनी इंजिनं शिकायलाही बरी आणि मोजायलाही. सीसीआरएल ह्या इंजिनांच्या रेटिंग यादीत त्यांचं रेटिंग बघून घे, तिथे आकड्यासोबत ± सुद्धा दिलेला असतो आणि किती डावांवरून काढलं तेही. जी खूप वर किंवा खूप खाली आहेत ती नको. ४०० इलोचा फरक असला की वरच्याला ९१ टक्के मिळतात आणि तिथे एक-दोन डाव इकडे-तिकडे झाले तरी आकडा उड्या मारतो. तुझा स्कोअर तीस ते सत्तर टक्क्यांत पडेल अशी निवड. प्रत्येकाशी तीन-चारशे डाव खेळव, सगळी पीजीएन ऑर्डो ह्या रेटिंग काढणाऱ्या प्रोग्रॅमला दे, त्यातल्या एकाचं नव्हे तर शक्यतो सगळ्यांचं सीसीआरएल रेटिंग आधार म्हणून धर, आणि तुझा आकडा ± सकट बाहेर येईल. एकाच प्रतिस्पर्ध्यावर भिस्त ठेवलीस तर त्याची स्टाइल तुझ्या इंजिनाला सोयीची निघाली की संपलं, कारण इंजिनांत ए ने बी ला हरवलं आणि बी ने सी ला हरवलं म्हणजे ए सी ला हरवेलच असं नसतं.

आणि हा आकडा फिडेचं, म्हणजे जागतिक बुद्धिबळ संघटनेचं, रेटिंग नाही. हे ठळक अक्षरात लिही पाहिजे तर. इलोची पद्धत फिडेने १९७० ला घेतली ती माणसांसाठी, आणि त्यात आकड्याला स्वतःचा अर्थ नसतो, फक्त दोन आकड्यांतल्या फरकाला असतो, तोही एकमेकांशी खेळणाऱ्यांच्या गटातच. सीसीआरएलचा गट वेगळा, तिथे सगळी इंजिनंच. तुझं इंजिन तिथल्या हिशोबाने २१०० आलं म्हणून ते आपल्या जिल्हा स्पर्धेतल्या २१०० वाल्याशी बरोबरी करेल असं नाही, आणि ३६०० च्या वरचे आकडे बघून कार्लसनच्या सर्वोच्च २८८२ शी वजाबाकी करत बसण्यातही काही अर्थ नाही. लियॉन मेंडोन्सा किंवा अनुराग म्हामल असल्या आपल्या गोव्याच्या ग्रँडमास्टरांनी तुझ्या इंजिनाशी चार डाव खेळून बघितले तर पहिल्या दोन डावांत त्यांना कळेल की बंद पोझिशनमध्ये ह्याला काही सुचत नाही, आणि पुढचे सगळे डाव ते तशीच पोझिशन आणतील. टीएससीपीला हे जमणार नाही.

फोनवरच्या बॉटचं तर सोडूनच दे. त्यावर लिहिलेला २००० हा बहुतेक वेळा लेबल असतो. मुद्दाम कमजोर केलेलं इंजिन चांगल्या चाली खेळता खेळता मधेच ठरवून चूक करतं, आणि तुझं इंजिन चार-पाच चाली पुढचं न चुकता बघतं, म्हणजे त्या चुकांवर टपून बसलेलंच. स्टॉकफिशमध्येही इलो मर्यादित करायची सोय आहे, हल्लीच्या व्हर्जनमध्ये १३२० पासून ३१९० पर्यंत. पण तीही १२० सेकंद अधिक १ सेकंद ह्या वेळेवर बेतलेली आहे, इंजिनांच्याच यादीला बांधून. तू वेगळ्या वेळेवर खेळवलास की तो आकडा तसाच राहील ह्याची खात्री नाही. सहा प्रतिस्पर्ध्यांतला एक म्हणून घ्यायला हरकत नाही, एकटा नको.

वेळ आणि परिस्थिती बदलली की आकडा किती हलतो ह्याचं मला सगळ्यात आवडतं उदाहरण अल्फाझीरोचं. डिसेंबर २०१७ ला गूगलच्या डीपमाइंडने सांगितलं की त्यांच्या अल्फाझीरो प्रोग्रॅमने स्टॉकफिश ८ ला शंभर डावांत २८ विजय, ७२ बरोबऱ्या आणि शून्य पराभव असं हरवलं. १०० पैकी ६४ पॉइंट, म्हणजे बरोब्बर १०० इलो. सगळीकडे बोभाटा. पण त्यात प्रत्येक चालीला ठरलेला एक मिनिट होता, त्यामुळे स्टॉकफिशचं कठीण ठिकाणी जास्त वेळ घ्यायचं कौशल्य वाया, हॅश एकच जीबी, ओपनिंग बुक नाही. लोकांनी आरडाओरडा केला. वर्षभराने सायन्स मासिकात पूर्ण पेपर आला त्यात हजार डाव होते, तीन तास अधिक पंधरा सेकंद वेळ, हॅशही मोठा. निकाल १५५ विजय, ६ पराभव, बाकी ८३९ बरोबऱ्या. ५७.४५ टक्के, म्हणजे ५२ इलोच्या आसपास. अल्फाझीरो पुढेच होतं, शंकाच नाही, पण १०० चे ५२ झाले. दोन्ही आकडे आपापल्या परिस्थितीत खरेच. म्हणून वेळ, हॅश, हार्डवेअर, ओपनिंग हे सगळं न लिहिता दिलेलं रेटिंग मी वाचतच नाही.

डेप्थ १२ बद्दल विचारलंयस. त्याने काही कळत नाही. एक इंजिन फांद्या छाटत छाटत डेप्थ ३० दाखवतं, दुसरं सगळं बघून १२. नोड्स पर सेकंदचंही तेच. त्याच २०१७ च्या मॅचमध्ये अल्फाझीरो सेकंदाला ८० हजार पोझिशन बघत होतं आणि स्टॉकफिश ७ कोटी, आणि जिंकलं कोण ते वर आहेच. स्वतःच्याच इंजिनात स्पीड दहा टक्के वाढला आणि बाकी काही बदललं नाही तर ती सुधारणा खरी, दुसऱ्याच्या आकड्याशी तुलना नको. आणि टेस्ट करताना डेप्थ फिक्स करून डाव खेळवू नको. इव्हॅल्युएशनमध्ये ढीगभर गोष्टी घातल्यास तर फिक्स डेप्थवर ते सुधारलेलंच दिसणार, पण तेवढ्याने इंजिन निम्म्या स्पीडचं झालेलं असेल तर घड्याळावर मार खाईल.

पोझिशनच्या चाचण्या, म्हणजे ब्रॅटको-कोपेकच्या २४ पोझिशन किंवा विन ॲट चेसच्या ३००, त्या चालवून बघ, फुकट आहेत. पण त्या ताप बघायच्या थर्मामीटरसारख्या वापर. काल २६० सुटत होत्या आणि आज १८० तर काहीतरी मोडलंय, शोध. २६० च्या २७० झाल्या म्हणून इंजिन स्ट्राँग झालं असं मात्र नाही, कारण त्यात बहुतेक सगळीकडे काहीतरी धडाकेबाज कॉम्बिनेशन असतं आणि खऱ्या डावात दहापैकी नऊ चाली शांत असतात. पूर्वी लोक असल्या चाचण्यांतून इलोचे फॉर्म्युलेसुद्धा काढायचे. डाव हाताने खेळवायला लागत होते तेव्हा ते समजण्यासारखं होतं. स्वीडनच्या एसएसडीएफ ह्या कॉम्प्युटर चेसच्या संघटनेने १९८४ पासून यादी काढली ती स्वयंसेवकांनी घरी दोन मशीनं समोरासमोर ठेवून, एकावरची चाल दुसऱ्यावर हाताने टाकत, तीही स्पर्धेच्या लांब वेळेवर. तुझ्याकडे आज सगळं आपोआप होतंय, तुला असला शॉर्टकट कशाला पाहिजे.

वरच्या लेव्हलच्या भानगडी, म्हणजे बरोबऱ्या इतक्या होतात की मुद्दाम एका बाजूला झुकलेल्या ओपनिंग द्याव्या लागतात आणि एकेका डावाऐवजी जोडीचा निकाल मोजावा लागतो, त्या तुला इतक्यात लागणार नाहीत. तुझी आणि टीएससीपीची बुद्धी जोवर घोडे-उंट फुकट देतेय तोवर समतोल ओपनिंग बास. डाव लवकर संपवायला रेझाइन ॲडजुडिकेशन लावतात तेही सध्या बंद ठेव, तुझ्या इव्हॅल्युएशनवर तुझाच भरवसा बसेपर्यंत त्याने 'मी हरलो' म्हटलेलं मानू नये.

रिपोर्टात काय लिहायचं ते असं. "सीसीआरएलमधल्या अमुक सहा इंजिनांविरुद्ध इतके डाव, १० सेकंद अधिक ०.१ सेकंद, एक थ्रेड, इतका हॅश, अमुक ओपनिंग फाइल, प्रत्येक ओपनिंग दोन्ही रंगांनी, अमुक प्रोसेसर. ऑर्डोने काढलेलं रेटिंग इतकं, ± इतकं, सीसीआरएलच्या मापावर अंदाजे." खाली एक टेबल, कुठल्या बदलाने किती इलो, किती डाव, एसपीआरटी पास की नापास. नापास झालेले बदलही टाक, गाइडना कदाचित तेच जास्त आवडतील. किंग सेफ्टीची टेस्ट वेगळी कर, वेळेचा कोड दोन्ही व्हर्जनमध्ये सारखा ठेवून, नाहीतर डाव ८ चा घोळ परत होईल. जुन्या व्हर्जनला इन्क्रिमेंटचा, म्हणजे दर चालीला मिळणारा जादा, वेळ धरताच येत नाहीये बहुतेक, यूसीआयच्या गो कमांडमधला तो भाग वाचलाच जात नसणार, तिथून बघायला सुरुवात कर. टाइम फॉरफिट शून्यावर आले की नवीन पीजीएन पाठव, बघून सांगतो.